दिलेल्या वस्तूंची वर्गवारी : दफ्तराच्या रुमालापासून खेळांच्या संचिकांपर्यंत

१

संग्रह दोन प्रकारचे असतात. एक संग्राहक स्वतः निवडून जमवितो. दुसरा लोक जे आणून देतात त्यातून वाढत जातो. पहिल्या प्रकारात वर्गवारी वस्तूच्या आधी सिद्ध असते. दुसऱ्या प्रकारात वस्तू आधी येते आणि तिला कोठे ठेवावयाचे हा प्रश्न मागाहून उपस्थित होतो. या दुसऱ्या प्रकारच्या संग्रहांची मांडणी कोणत्या तत्त्वांवर झाली, आणि त्या तत्त्वांपैकी कोणती टिकली, याचा संक्षेपाने विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

लेखास निमित्त घडले ते असे. आमच्या एका रोहेकर विद्यार्थ्याने आपल्या भ्रमणध्वनीत साठविलेल्या काही संचिका मला दाखविल्या. त्या एका बस चालविण्याच्या खेळाच्या होत्या. मूळ खेळ परदेशी. पण त्यात धावत होती ती आपली तांबडी एस.टी., आणि तिच्या कपाळावर रोह्याची पाटी होती. संगणकावरील एखादा खेळ तयार करणाऱ्या कंपनीबाहेरील खेळाडूंनी त्या खेळात जी भर घालावी, म्हणजे नवे वाहन, नवा नकाशा, नवा आवाज किंवा नवे रंगरूप, तिला ‘मॉड’ म्हणतात. मराठी मुलेही हाच शब्द योजतात, म्हणून तोच येथे स्वीकारला आहे. त्या विद्यार्थ्याची अडचण साधी होती. त्याच्याजवळ एका गाडीचे रंगरूप होते; परंतु ते ज्या गाडीच्या साच्यासाठी काढले होते तो साचा कोणता, हे संचिकेवरून कळत नव्हते. परिणामी ते रंगकाम निरुपयोगी होऊन पडले होते. मोडी कागदांशी ज्याचा थोडाबहुत संबंध आला आहे त्याला ही अडचण नवी वाटणार नाही. ‘सोबतच्या यादीप्रमाणे’ असे पत्रात म्हटलेले असते आणि ती यादी भलत्याच रुमालात जाऊन पडलेली असते, असा अनुभव दफ्तरात बसणाऱ्या प्रत्येकास येतो.

२

प्रथम दफ्तराकडे वळू. ‘दफ्तर’ हा शब्द फारसीतून आपल्याकडे आला असून त्याचे मूळ ग्रीक भाषेतील कातड्याच्या वाचक शब्दात आहे. ‘रुमाल’ म्हणजे मूळ अर्थाने तोंड पुसण्याचे वस्त्र. ज्या वस्त्रात कागद बांधावयाचे त्यावरून बांधलेल्या कागदांच्या गठ्ठ्यासही तेच नाव पडले. ‘चिटणीस’, ‘फडणीस’ या शब्दांतील उत्तरपद लिहिणे या अर्थाच्या फारसी धातूपासून आलेले आहे. आजही सरकारी कचेरीत आलेला कागद ज्या नोंदवहीत चढतो तिला ‘बारनिशी’ म्हणतात. या शब्दांचा समुच्चय पाहिला म्हणजे एक गोष्ट ध्यानी येते. कागद ठेवण्याची आपली परिभाषा कागदाच्या विषयावरून नव्हे, तर त्याला बांधणाऱ्या वस्त्रावरून आणि त्याला लिहिणाऱ्या अधिकाऱ्यावरून बनलेली आहे.

पुण्याच्या पेशवे दफ्तरातील विभागांची नावे या दृष्टीने पाहण्यासारखी आहेत. रोजकीर्द, घडणी, प्रांत अजमास, पागा, पथके, शाहू दफ्तर, आंग्रे दफ्तर, जमाव अशी ही नावे आहेत. यांतील ‘रोजकीर्द’ हे नाव कागदाच्या जातीवरून पडले, ‘प्रांत अजमास’ हे प्रदेश आणि प्रयोजन यांवरून, ‘पागा’ खात्यावरून, ‘शाहू दफ्तर’ व्यक्तीवरून, ‘आंग्रे दफ्तर’ घराण्यावरून, आणि ‘जमाव’ या नावातच गोळा होऊन आलेले कागद असा भाव आहे. म्हणजे एकाच दफ्तरात वर्गवारीची पाचसहा तत्त्वे शेजारी शेजारी नांदत आहेत. तर्कशास्त्राच्या दृष्टीने हा दोषच होय, कारण विभाजनाचे तत्त्व एकच असावे असा तर्कशास्त्राचा दंडक आहे. पण इतिहासाच्या दृष्टीने हा दोष बोलका आहे. कोणता कागद कोणत्या वाटेने दफ्तरात आला याची खूण त्या नावांनी जपून ठेवली आहे.

पेण आणि रोहा ज्या जिल्ह्यात येतात त्या जिल्ह्याच्या अभ्यासकास आंग्रे दफ्तराचे महत्त्व सांगावयास नको. कुलाब्याचे आंग्रे यांचे संस्थान १८४० मध्ये कंपनी सरकारने खालसा केले. पुढे १८६९ मध्ये कुलाबा हा स्वतंत्र जिल्हा झाला आणि १९८१ मध्ये त्याचे नाव रायगड झाले. राज्य गेले, जिल्ह्याचे नाव बदलले. परंतु आंग्र्यांचे कागद आंग्र्यांच्या नावानेच राहिले. समजा, ते विषयवार फोडून काही जमीन महसुलात, काही आरमारात आणि काही देवस्थानांत टाकले असते, तर एका घराण्याचा कारभार कसा चालत होता हे कळण्याचा मार्ग बंद झाला असता.

फोडाफोडीचा हा धोका काल्पनिक नव्हे. १८१८ नंतर पेशव्यांचे दफ्तर इंग्रजांच्या ताब्यात गेले. १८५२ च्या ११ व्या कायद्यान्वये इनाम कमिशनला अधिकार मिळाल्यावर, कोणाचे इनाम खरे आणि कोणाचे खोटे हे ठरविणे हेच त्या दफ्तराचे प्रमुख प्रयोजन होऊन बसले. ज्या प्रयोजनासाठी कागद पाहावयाचे त्या प्रयोजनाकडे मांडणी झुकते, हा सर्वत्र येणारा अनुभव आहे. पुढे गोविंद सखाराम सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात ‘पेशवे दफ्तरातून निवडलेले कागद’ ४५ भागांत प्रसिद्ध केले. ही निवड विषयवार होती आणि वाचकांस तिचा अपार उपयोग झाला. मात्र सरदेसायांचे विषय हे छापील भागांचे विषय होते. एकच कागद छापून विषयात बसविता येतो आणि मूळ ठिकाणीही राहू शकतो, ही सोय मुद्रणाने प्रथम दिली. वर्गवारीच्या इतिहासातील ही पायरी आपण फारशी लक्षात घेत नाही.

विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांचा मार्ग निराळा होता. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ मध्ये निघाला व मालेचे एकूण २२ खंड झाले. राजवाडे गावोगाव हिंडले आणि लोकांच्या घरांतील, माळ्यांवरील, पेट्यांतील कागद त्यांनी मिळविले. १९१० मध्ये त्यांनी खंडेराव मेहेंदळे यांच्यासह पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना केली आणि मग घराण्यांनी आपले कागद स्वतः होऊन तेथे देण्याची प्रथा रुजली. देणाऱ्याचे नाव टिकून राहणे हे येथे केवळ उपचाराचे नाही. ते पुराव्याचे अंग आहे. महजर खरा की बनावट, हे ठरविताना तो कोणाच्या घरून आला हा पहिला प्रश्न असतो.

३

लोकांकडून नमुने मागवून केलेल्या मोठ्या कामाचे दुसरे उदाहरण भाषाशास्त्राचे आहे. जॉर्ज ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणासाठी जिल्ह्याजिल्ह्यातून नमुने मागविण्यात आले. प्रत्येक बोलीचे शक्यतो तीन प्रकारचे साहित्य अपेक्षित होते : उधळ्या मुलाच्या दृष्टांतकथेचे भाषांतर, त्या बोलीतील स्वतंत्र कथन किंवा गीत, आणि ठराविक शब्दांची व वाक्यांची यादी. मराठीचा सातवा खंड १९०५ साली प्रसिद्ध झाला.

त्या खंडात कोकणातील बोलींची जी नावे येतात ती अशी : परभी, कोळी, किरिस्तांव, कुणबी, आगरी, धनगरी, भंडारी, ठाकरी, संगमेश्वरी, बाणकोटी, काथोडी. येथेही दफ्तराचाच प्रकार दिसतो. काही नावे जातीची, एक धर्माची, दोन गावांची. ज्या स्थानिक अधिकाऱ्यांनी नमुने पाठविले त्यांनी जे नाव लिहिले तेच नाव पुढे चालले. आणि संपादकांस मात्र नमुने वाचल्यावर यांपैकी बहुतेक बोलींतील अंतर अल्प आहे असे दिसून आले. त्यांनी त्या एका गटाखाली घेतल्या, पण पाठविणाऱ्याचे नाव पुसले नाही. हा विवेक महत्त्वाचा आहे. वर्गवारी संपादकाची, नाव देणाऱ्याचे, अशी ही विभागणी होय. त्यामुळेच साठ वर्षांनंतर, १९६६ मध्ये, डॉ. अ. मा. घाटगे यांनी महाडच्या कुणबीचे स्वतंत्र वर्णन प्रसिद्ध केले तेव्हा जुन्या नमुन्यांशी त्याची तुलना करणे अभ्यासकांस शक्य झाले.

४

आता खेळांच्या संचिकांकडे वळू. १९९३ च्या डिसेंबरात अमेरिकेतील इड सॉफ्टवेअर या कंपनीने ‘डूम’ नावाचा खेळ प्रसिद्ध केला. त्याच्या रचनेत एक विशेष होता. खेळ चालविणारी आज्ञावली एका संचिकेत आणि नकाशे, चित्रे, आवाज ही सामग्री दुसऱ्या संचिकेत, अशी फोड केलेली होती. त्यामुळे मूळ आज्ञावलीस हात न लावता सामग्री बदलणे खेळाडूंस शक्य झाले. १९९४ पासून खेळाडूंनी रचलेल्या नकाशांचा ओघ सुरू झाला आणि ते सर्व एका ठिकाणी ठेवण्यासाठी जो सार्वजनिक संग्रह निर्माण झाला तो ‘आयडीगेम्स’ या नावाने आजही चालू आहे.

या संग्रहाची मांडणी पाहिली असता पेशवे दफ्तराची आठवण होते. नकाशे, चित्रे, आवाज, संगीत, साधने हे विभाग वस्तूच्या जातीवरून. एकमेकांविरुद्ध खेळावयाचे नकाशे हा विभाग प्रयोजनावरून. मोठ्या नकाशासमूहांचा विभाग आकारावरून. आणि जे कोठेच बसत नाही त्यासाठी ‘संकीर्ण’. नकाशांच्या विभागात आणखी पोटविभाग होते ते अकारविल्हे, म्हणजे रोमन लिपीतील आद्याक्षरांचे तीन-तीनचे गट. त्या काळच्या संगणकप्रणालीत संचिकेच्या नावास आठच अक्षरांची मुभा होती. त्यामुळे नावे आखूड आणि दुर्बोध होत, आणि आद्याक्षरावरून वस्तूचा बोध होण्याची शक्यता जवळजवळ नसे. तरीही तो संग्रह उपयोगी राहिला, याचे श्रेय विभागांना नाही.

श्रेय आहे ते एका लहानशा नियमास. प्रत्येक संचिकेबरोबर देणाऱ्याने एक साधा मजकूर जोडावयाचा असे. त्याचा नमुना ठरलेला होता : शीर्षक, कर्त्याचे नाव, वर्णन, ज्यांचे साहाय्य झाले त्यांची नावे, कोणत्या खेळासाठी, नवे आवाज वा चित्रे आहेत काय, कोरे काढले की दुसऱ्याच्या कामावर आधारले, कोणते साधन वापरले, कोणते दोष ठाऊक आहेत, आणि शेवटी, इतरांनी हे काम आधारास घ्यावे की घेऊ नये याची स्पष्ट परवानगी किंवा मनाई. हा मजकूर म्हणजे आपल्याकडील पत्राचा सरनामा, तपशील आणि शेरा एकत्र केल्यासारखा आहे. विभाग चुकला तरी मजकूर वस्तूपासून तुटत नाही. म्हणून तीस वर्षांपूर्वीचा नकाशा आज हाती आला तरी तो कोणाचा, कशासाठी आणि कशावर उभा आहे हे सांगता येते.

पुढील काळातील मॉडसंग्रहांनी आणखी दोन सुधारणा केल्या. एक, वस्तू एकाच खणात ठेवण्याऐवजी तिला अनेक खुणा लावणे. दुसरी, एकाच कामाच्या संचिकांत मुख्य, सुधारित, ऐच्छिक, जुनी व संकीर्ण असा भेद करणे आणि ‘हे चालण्यासाठी आधी ते हवे’ अशी अवलंबित्वाची नोंद ठेवणे. ‘नेक्सस मॉड्स’ या संग्रहात ही पद्धत दिसते. पहिल्या सुधारणेचे तत्त्व भारतीय ग्रंथपालांस परके नाही. शियाळी रामामृत रंगनाथन यांनी १९३३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या द्विबिंदू वर्गीकरणात एकाच विषयाचे अनेक पैलू वेगवेगळे नोंदवून मग जोडावयाचे, हाच विचार होता. दुसरी सुधारणा मात्र ग्रंथालयात क्वचितच लागते, कारण पुस्तक सहसा स्वतःच्या पायावर उभे असते. मॉड तसा उभा नसतो.

५

आता रोह्याच्या एस.टी.कडे परत येऊ. ‘बस सिम्युलेटर इंडोनेशिया’ हा खेळ इंडोनेशियातील मालेओ या कंपनीने २०१७ मध्ये काढला. त्यात वापरणाऱ्याने गाडीचे रंगरूप बदलावे, पुढे नवे वाहनही घालावे, अशी सोय आहे. भारतात तो तरुणांत फार पसरला आणि महाराष्ट्रातील मुलांनी त्यात एस.टी. आणली. या संचिकांचे मुख्य प्रकार चार : वाहनाचा साचा, त्यावरील रंगरूप, हॉर्नसारखे आवाज, आणि नकाशे.

साचा आणि रंगरूप यांतील संबंध पेणच्या वाचकास लगेच उमजेल. पेण शहरात आणि हमरापूर, जोहे या गावांत गणेशमूर्तींचे जे कारखाने आहेत, तेथे साच्यातून मूर्ती काढणे हे एक काम आणि तिचे रंगकाम व डोळ्यांची आखणी हे दुसरे. साचा एकच असून रंगकाम निरनिराळे असू शकते. पण एका साच्याच्या मापाने बेतलेले दागिन्यांचे रंगकाम दुसऱ्या साच्यावर चालत नाही. मूर्तिशाळेत ही गोष्ट कोणी लिहून ठेवीत नाही, कारण साचा आणि रंगारी एकाच छपराखाली असतात. संचिकांच्या जगात साचा एकाचा, रंग दुसऱ्याचा आणि पसरविणारा तिसराच. तेथे न लिहिण्याची किंमत मोजावी लागते.

वाहनांच्या वर्गवारीस तर प्रत्यक्ष एस.टी.नेच गुंतागुंत करून ठेवली आहे. १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) अशी पहिली गाडी धावली. तेव्हापासून गाड्यांच्या जाती वाढत गेल्या. साधी, परिवर्तन, हिरकणी, शिवनेरी, शिवशाही, विठाई ही नावे पाहावीत. काही नावे सेवेच्या दर्जाची, काही गाडीच्या बांधणीची. लोक मात्र दोन्ही अर्थांनी ती सरसहा वापरतात. यांतील हिरकणी हे नाव रायगडाच्या कड्यावरून उतरलेल्या गवळणीच्या आख्यायिकेवरून घेतलेले आहे. ‘लालपरी’ हे तर अधिकृत वर्गनाम नसून लोकांनी दिलेले लाडके नाव. पण मॉड शोधणारा बहुधा तेच नाव घालून शोधतो.

गाडीच्या क्रमांकातही हीच गंमत आहे. एस.टी.चे रायगड विभागाचे कार्यालय पेणला रामवाडी येथे आहे आणि जिल्ह्याचा वाहननोंदणीचा क्रमांक ०६ हाही पेणचाच. परंतु पेण वा रोहा आगाराच्या गाडीवर बहुधा ०६ दिसत नाही. १४, २० किंवा ४० दिसतो, कारण गाडीची बांधणी महामंडळाच्या दापोडी, चिकलठाणा किंवा हिंगणा येथील कार्यशाळेत झालेली असते. क्रमांक जन्मस्थान सांगतो, पाटी प्रवास सांगते, आगाराचे नाव घर सांगते. तीन्ही खऱ्या आणि तीन्ही वेगळ्या नोंदी आहेत. जो मुलगा आपल्या रंगरूपात क्रमांक अचूक काढतो त्याला हे भान असते. संचिकेला नाव देताना मात्र तोच ‘एसटी नवी’ एवढेच लिहितो.

नावांचा प्रश्न भाषाशास्त्राच्या अंगाने आणखी कठीण आहे. संचिकांची नावे बहुधा रोमन लिपीत असतात. ‘लालपरी’ शब्दातील पहिला आकार एकदा की दोनदा लिहावा, शब्द जोडावा की तोडावा, यास नियम नाही. ‘रोहा’ आणि जुने ‘रोहे’ ही दोन रूपे रोमन लिपीत दोन गावे होऊन बसतात. ‘रोह्याची’ हे तिसरे. ‘पेण’ची अवस्था तर करुण आहे : रोमन लिपीत ते लेखणीच्या इंग्रजी नावाशी एकरूप होते आणि शोधणाऱ्यापुढे लेखण्यांची रास येऊन पडते. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळला जात नसे. त्यामुळे केवळ अकारविल्हे लावून मोडी कागद हाती लागत नसत, ते प्रांत आणि साल यांवरून शोधावे लागत. लिपी ढिली असली म्हणजे नावावर विसंबून चालत नाही, हा धडा मोडीने पूर्वीच दिला होता.

येथे एक लहान उदाहरण सांगण्याजोगे आहे. मराठी विकिपीडियावर संचिकेच्या पानाच्या नावापुढे ‘चित्र’ हे पद लागते. पुढे ध्वनिमुद्रणे आली तरी नामाभिधान तेच राहिले. वर्गाचे नाव पहिल्या आलेल्या वस्तूवरून पडते आणि मागाहून आलेल्यांस त्या नावाखाली नांदावे लागते. ‘रुमाल’ या शब्दाची कथाही याहून वेगळी नाही.

६

या विवेचनाचे तात्पर्य तीन वाक्यांत सांगता येईल. लोकांनी दिलेल्या संग्रहात विभाग नेहमीच मिश्र राहतात, आणि ते शुद्ध करण्याच्या भरात वस्तूची आल्यावाट पुसली जाते. विभागापेक्षा देणाऱ्याने स्वतः लिहिलेली नोंद अधिक टिकाऊ ठरते. आणि जी वस्तू दुसऱ्या वस्तूवर अवलंबून आहे तिची तशी नोंद नसेल, तर ती वस्तू असून नसल्यासारखी होते.

यात काय बिघडते, असे कोणी म्हणेल. मुलांचे खेळ ते. परंतु दुसऱ्याने काढलेल्या गाडीवरील नाव पुसून ती आपल्या नावाने पसरविण्याचे प्रकार या क्षेत्रात सर्रास होतात. ज्याने रात्री जागून ती रेखिली त्याच्याजवळ आपले कर्तृत्व सिद्ध करण्यास काही साधन उरत नाही. शिवाय रस्त्यावरून उतरलेल्या जुन्या बांधणीच्या गाड्यांची खिडक्यांची संख्या, पट्ट्यांचा रंग, पाटीची अक्षरे ज्या बारकाईने या मुलांनी टिपली आहेत, तितक्या बारकाईने ती अन्यत्र टिपली जात असतील असे वाटत नाही. उद्याच्या अभ्यासकाला ही साधने आहेत.

आणि प्रश्न खेळापुरता उरलेला नाही. आपल्या विभागांत आज विद्यार्थी आगरी, कातकरी, कुणबी बोलींची ध्वनिमुद्रणे, लिप्यंतरे, छायाचित्रे आणि शब्दयाद्या संचिकारूपाने आणून देतात. ध्वनिमुद्रण हा साचा. लिप्यंतर हे त्यावरील रंगकाम. दोहोंची ताटातूट झाली की रोह्याच्या विद्यार्थ्याचीच अडचण आपली होते, आणि बोलणारी वृद्ध व्यक्ती तोवर हयात असेलच असे नाही. यासाठी नवे शास्त्र शोधण्याची गरज नाही. प्रत्येक संचिकेस आल्याबरोबर बारनिशीचा एक कायम क्रमांक द्यावा, तो पुढे कधीही बदलू नये. देणाऱ्याने आपल्या शब्दांत एक मजकूर जोडावा : कोणी, कोठे, केव्हा, कशाने, कोणाच्या संमतीने, आणि हे कोणत्या क्रमांकाच्या संचिकेवर अवलंबून आहे. जात, गाव, देणारा आणि अवलंबित्व हे चार रकाने वेगवेगळे ठेवावेत. त्यांतून विभाग कसे पाडावयाचे ते प्रत्येक पिढीने आपल्या गरजेप्रमाणे ठरवावे. विभाग बदलले तरी चालतील. आंग्र्यांचे कागद आंग्र्यांचेच राहिले, एवढी काळजी मात्र घेतली पाहिजे.